रिले गोंदियाला गेला

रविवारी सकाळी साडेसहा वाजता कौशल्या लांजेवारनं नवऱ्याच्या कारची चावी फिरवली. कार सुरू झाली नाही. कौशल्याचं समाधान झालं. तिनं चावी पुन्हा खिळ्याला अडकवली आणि चहा ठेवला.

हे तिनं नवरा दूध आणायला गेल्यावर उरकलं, कारण तिला फक्त खात्री करून घ्यायची होती. शुक्रवारी इंजिन निदान घरघरलं तरी होतं, खोकल्यासारखं. आज समोरचे दिवे लागले, काटे थरथरले आणि इंजिनाकडून काहीच आलं नाही, टकसुद्धा नाही. शुक्रवारी आजारी होती ती कार आता गेली, असं कौशल्यानं ठरवून टाकलं. बारा वाजता शेजारच्या खुर्सीपारचा भूपेंद्र क्रेन लावलेली गाडी घेऊन येणार होता. भूपेंद्र भंगार घेतो.

अट नवऱ्यानं, रामाजीनं स्वतः, शेजाऱ्यांसमोर, कबूल केली होती. रविवारी बारापर्यंत कार सुरू झाली तर ती पोर्चमध्ये राहील. नाही झाली तर भूपेंद्र नेईल, आणि सोमवारी त्या जागेवर कौशल्याची पिठाची चक्की बसेल. चक्की सांगून झाली होती. दुर्गजवळच्या या कुरुदमध्ये दर वर्षी एखादं शेत नाहीसं होतं आणि तिथं घरांची रांग उभी राहते. त्या रांगेतल्या बायकांना दळण घेऊन कुठच्या कुठं जावं लागतं, हे कौशल्या रोज पाहत होती. रामाजीला त्यात धंदा दिसत नव्हता, नुसतं उडणारं पीठ दिसत होतं.

कारचं दुखणं होळीच्या सुमारास निघालं. रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत दुधाळ चहासारखं काहीतरी. तेल आणि पाणी एकत्र होऊ लागलं होतं. खुर्सीपारच्या एका मेकॅनिकनं सांगितलं, हेड गॅस्केट गेलंय, गाडी ठेवून जा. रामाजीला हा अपमान वाटला. अहिवाऱ्याच्या बाजूला चुनखडीच्या खाणीवर त्यानं उभी हयात फिटर म्हणून काढली होती. डोक्याएवढे दगड चावणारा क्रशर त्यानं कितीदा उघडून बसवला होता. असा माणूस ही डबी दुसऱ्याकडे ठेवून येणार होय? त्यानं मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले, त्यातल्या तिघांना शिव्या घातल्या आणि इंजिन उघडलं.

त्यानंतर कौशल्याचं स्वयंपाकघर हळूहळू पोर्चमध्ये गेलं. इडलीपात्राच्या खळग्यांत बोल्ट, परातीत व्हॉल्व्ह, पाटावर इंजिनाचं डोकं. कुरड्यांचा सोऱ्या तिला एकदा रॉकेलमध्ये बुडवलेला सापडला. त्या दिवशी तिनं चक्की सांगितली.

शुक्रवारी रामाजीनं इंजिन परत जोडून, पुसून, त्याला हळदकुंकू लावून चावी मारली. इंजिन फिरलं, घरघरलं, पण पेटलं नाही. अर्धा तास रामाजीनं त्याच्याशी बायकोशी बोलतो त्यापेक्षा गोड आवाजात बोलून पाहिलं. मग त्यानं साळ्याला फोन केला.

साळा म्हणजे कृष्णराव, रामाजीच्या तोंडी किसनराव, कौशल्याचा थोरला भाऊ. तोही त्याच खाणीतून रिटायर झालेला, पण इलेक्ट्रिकलचा. ही गोष्ट साधी नाही. खाणीत क्रशर थांबला की पहिला प्रश्न असायचा, हा डिले, म्हणजे वाया गेलेला वेळ, कोणाच्या नावावर टाकायचा, मेकॅनिकलच्या की इलेक्ट्रिकलच्या. मशीन नंतर दुरुस्त व्हायचं, आधी भांडण व्हायचं. रिटायर होऊन वर्षं झाली तरी या दोघांच्या घरी पंखा बंद पडला तर तो आधी कोणत्या तरी खात्यात जमा होत असे. एकदा लग्नाच्या पंगतीत पाण्याचा पंप बंद पडला. दोघं हात न धुता भांडत उभे राहिले आणि पंगत तशीच उठली.

शुक्रवारचं बोलणं कौशल्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं.

"करंट पोचून नाई राहिला," रामाजी म्हणाला. "तुमचा डिपार्टमेंट आहे."

कृष्णरावानं प्लग काढले, तपासले, पुन्हा बसवले. "ठिणगी चांगली पडून राहिली. भाऊजी, बेल्ट बसवताना दाता चुकला तुमचा. वरची खूण अन् खालची खूण जुळतच नसन."

"जुळते."

"मंग दाखवा."

"उघडतो ना. पण आधी शटडाऊन घ्या. माह्या बोटात बेल्ट असताना कोनं चावी मारली तं?"

चावी मारायला घरात फक्त कौशल्या होती. तरीही कृष्णरावानं बॉनेटखालच्या काळ्या पेटीतून एक छोटा ठोकळा उपटला आणि शर्टाच्या खिशात टाकला. मग कौशल्याला हाक मारून लाल चिंधी मागितली. तिनं एक जुनं ब्लाऊजपीस दिलं. त्यानं त्याची पट्टी फाडली आणि पेटीच्या झाकणाला बांधली. खाणीत दुरुस्तीआधी मशीन असंच बंद करत. दोघंही गंभीर होते, पूजेला बसल्यासारखे.

पुढं काय झालं ते भांड्यांच्या आवाजात तिला नीट ऐकू आलं नाही. कव्हर उघडल्यावर रामाजी आपली पाठ मध्ये घालून उभा राहिला आणि त्यानं साळ्याला खूण पाहू दिली नाही, एवढं दिसलं. मग रामाजीचा आवाज आला, "बल्ब बदलनाऱ्यानं मले बेल्ट शिकवू नये." कृष्णराव चहा न पिता गेला. कपबशी कठड्यावर तशीच राहिली.

शनिवारी दुपारी, सगळी कॉलनी झोपली असताना, रामाजीनं कव्हर पुन्हा उघडलं. खिडकीतून कौशल्याला त्याची पाठ दिसत होती. त्यानं बेल्ट सैल केला, वरचं चक्र दोन दाते सरकवलं, बेल्ट ताणला, कव्हर लावलं आणि इकडेतिकडे पाहिलं. चोरासारखं. चावी मात्र मारली नाही. कौशल्याला वाटलं, धीर सुटला असेल.

आता रविवारी भूपेंद्र अकरालाच हजर झाला. बरोबर खुर्सीपारचा चंदन होता. चंदनही मेकॅनिक, पण होळीवाला नव्हे; आईबाप भंडाऱ्याकडचे, स्वतः जन्मल्यापासून इथला. मराठी फक्त आईशी आणि गिऱ्हाईक मराठी निघालं तर. गाडीतलं काय काय अजून विकण्यासारखं आहे ते पाहायला भूपेंद्रनं त्याला आणलं होतं.

"अकरा वाजले फक्त," रामाजी म्हणाला. तो बनियनवर पोर्चच्या पायरीवर बसला होता.

"आराम से काकाजी," भूपेंद्र म्हणाला. "हम देख रहे हैं बस. बारह बजे तक आपकी ही है."

चंदननं आधी चावी फिरवली. दिवे पाहिले. "बॅटरी तो मस्त आहे." खाली वाकून जाड वायर हलवली. "अर्थिंग भी ठीक." पुन्हा चावी फिरवून कान दिला. "स्टार्टरपर्यंत काहीच नाई येऊन राहिलं काकू. टक पन नाई." मग त्यानं लाल चिंधीची गाठ न सोडता पेटीचं झाकण तिरकं करून आत पाहिलं आणि हसला.

"क्या हुआ?" भूपेंद्रनं विचारलं.

"अरे, स्टार्टरचा रिलेच नाई. खाली जगा आहे." तो कौशल्याकडे वळला. "काकू, एवढासा डब्बा असते, पेढ्याएवढा. चावी फिरवली का तो स्टार्टरले करंट देते. तो कोनं काढला तं गाडी मुडदाच राहीन. बाजूले हॉर्नचा रिले आहे ना, सेम टू सेम. तो इकडे लावतो. हॉर्न नाई वाजनार, पर गाडी फर्स्ट सेल्फमध्ये उठते का नाई पाहा."

भूपेंद्रचा चेहरा उतरला. कौशल्याचाही. तिच्या डोळ्यांसमोर चक्की पोर्चमधून उठली आणि मागच्या अंगणात, संडासाच्या भिंतीला लागून, जाऊन बसली.

"हात नको लावू," रामाजी म्हणाला.

"काकाजी, दो मिनिट का काम है," चंदन म्हणाला.

"चिंधी दिसून राहिली का तुले?"

"हो."

"कोनाची आहे?"

"मले काय माईत."

"किसनरावची आहे. त्यानं शटडाऊन घेतलं. तो येईन, आपल्या हातानं रिले लावीन, आपल्या हातानं चिंधी सोडीन, मंग चावी फिरन. तोवर ते मशीन बंद आहे."

चंदननं बॉनेटमध्ये पाहिलं, कारखाली वाकून पाहिलं. "पर काकाजी, अंदर तो कोई नहीं है."

"नसू दे."

"बारा वाजता ही माझ्याकडे येईल," भूपेंद्रनं आठवण करून दिली. हे त्यानं मुद्दाम मराठीत सांगितलं.

"येऊ दे."

आणि रामाजी पायरीवरून उठला, बॉनेटसमोर फरशीवर मांडी घालून बसला.

ती मांडी पाहून कौशल्या आत गेली. तिनं विनाकारण गॅस लावला आणि बंद केला. ती मांडी तिनं कधी पाहिली नव्हती, पण इतक्या वेळा ऐकली होती की ओळखायला वेळ लागला नाही. तिचं लग्नच त्या मांडीतून निघालं होतं.

तेव्हा रामाजी खाणीवर नवा होता. क्रशर दुरुस्तीसाठी बंद होता. मेकॅनिकलचं काम संपलं, त्यांनी आपली चिंधी सोडली. पॅनलवर एक चिंधी उरली, इलेक्ट्रिकलची; फ्यूज ती बांधणाऱ्याच्या खिशात. बाहेर दगडानं भरलेल्या डंपरांची रांग लागली. ठेकेदाराचा सुपरवायझर आला आणि म्हणाला, तुमचा इलेक्ट्रिशियन कँटीनमध्ये भजी खाऊन राहिला, मी या डोळ्यांनी पाहिला, दुसरा फ्यूज लावा अन् करा चालू. रामाजी म्हणाला, भजी संपवून येऊ द्या. सुपरवायझरनं आईबापांचा उद्धार केला. रामाजी पॅनलसमोर मांडी घालून बसला. बऱ्याच वेळानं क्रशरच्या तोंडातून एक माणूस वर आला, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, दातांत टॉर्च धरलेला. तो कृष्णराव होता. भजी खाणारा दुसराच कोणीतरी निघाला.

कृष्णराव त्याच आठवड्यात रामाजीला घरी जेवायला घेऊन आला. कौशल्यानं वाढलं. रामाजीनं भात तीनदा घेतला. पुढच्या लग्नसराईत ती लांजेवार झाली. त्या नियमानं भाऊ वाचला आणि बहीण अडकली, असं ती चारचौघांत सांगते आणि लोक हसतात.

आज ती गप्प बसली असती तरी चालण्यासारखं होतं. कोणाचं काही चुकलं नसतं. बारा वाजले असते, कार गेली असती, सोमवारी चक्की आली असती. रामाजीनंही एका शब्दानं तिला दोष दिला नसता. तो रिकाम्या पोर्चमध्ये आयुष्यभर पायरीवर बसला असता, एवढंच. आणि दादा या घरी पुन्हा आला असता की नाही, देव जाणे.

तिनं मोबाइल उचलला, पोर्चमध्ये आली आणि सगळ्यांसमोर स्पीकर लावून भावाला फोन केला.

"दादा, कुठं आहेस?"

"गाडीत. डोंगरगड येऊनच राहिलं. गोंदियाले चाललो ना, बारसं नाई का." मागं रेल्वेची खडखड आणि कोणाचं तरी चिवडा विकणं चालू होतं.

"तुह्या खिशात काय आहे पाय बरं."

थोडा वेळ नुसती खडखड. "तिकीट," कृष्णराव म्हणाला. "चष्म्याचं घर." आणखी थोडी खडखड. "आन् तुह्या नवऱ्याचा रिले."

"घेऊन कावून गेला?"

"घेऊन नाई गेलो. राहिला. शटडाऊन माहं होतं, मंग तो खिशातच राहते. आन् भाऊजीनं मले म्हटलं काय, ऐकलं ना तू? बल्ब बदलनारा. मी सबस्टेशन सांभाळलं, कौशल्ये. अर्ध्या खाणीचा उजेड माह्या हातात होता."

"इथं भंगारवाला येऊन उभा आहे. बाराले गाडी नेते."

"मंग भाऊजीले सांग, मागावं रिले. तोंडानं."

कौशल्यानं नवऱ्याकडे पाहिलं. रामाजी कारच्या नंबर प्लेटकडे पाहत होता. "मी मागायचं नसते," तो प्लेटला म्हणाला. "ज्यानं शटडाऊन घेतलं त्यानं वापस करायचं असते. हा नियम त्याले मालूम आहे."

"आन् कामात फॉल्ट कोनाचा निघाला, ते आधी बोलायचं असते," फोन म्हणाला. "हाही नियम आहे."

चंदन आणि भूपेंद्र एकदा फोनकडे, एकदा रामाजीकडे पाहत होते. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी कपडे वाळत घालायचं थांबलं होतं. शनिवारची दुपार कौशल्याच्या जिभेवर आली होती. ती तिनं गिळली. हे तिनं सांगण्यात अर्थ नव्हता.

रामाजीनं फरशीवरची ग्रीस अंगठ्यानं खरवडली.

"त्याले सांग," तो म्हणाला, "दोन दाते चुकले होते."

खडखड चालू राहिली. फोन तुटला की काय म्हणून कौशल्यानं तो कानाजवळ नेला.

"दोन?" कृष्णराव म्हणाला. "मले वाटे एकच असन."

"दोन. काल जुळवले."

"म्हणजे डिले..."

"मेकॅनिकल," रामाजी म्हणाला.

चिवडावाला लांब गेला. कृष्णरावाचा आवाज एकदम उदार झाला, पंगतीत आग्रह करतो तसा. "मंग बसले कायले? हॉर्नचा रिले काढा अन् लावा. माह्याकडून क्लिअरन्स आहे. चालू करा गाडी, भाऊजी."

चंदन लगेच पेटीकडे वळला.

"थांब," रामाजी म्हणाला. मग पहिल्यांदा थेट फोनकडे पाहून, "किसनराव, फोनवर क्लिअरन्स घेतलं होतं का आपन कधी?"

"पण मी इकडे गाडीत आहो ना. तुमच्या इंजिनात थोडीच आहो."

"तवा तुमी कँटीनमध्ये होते."

फोनमध्ये गाडीची शिटी वाजली, ब्रेक करकरले. कौशल्यानं पदरानं नाक पुसलं. भूपेंद्रला वाटलं, उन्हामुळे.

"कौशल्ये," कृष्णराव म्हणाला, "ठेव आता. डोंगरगड आलं. मले उतरू दे."

"आन् बारसं?"

"पोराचं नाव ठेवायले मीच लागतो का?"

फोन बंद झाला. घड्याळात बाराला पाच कमी होते. डोंगरगडहून दुर्गकडे येणारी गाडी मिळून, दुर्गला उतरून, ऑटो करून कुरुदला पोचायचं म्हणजे काय हे पोर्चमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बारापर्यंत ते शक्य नव्हतं.

"काकू," भूपेंद्र अवघडून म्हणाला, "वो सब ठीक है. लेकिन बात बारह की हुई थी. मेरा भी क्रेन का दिन खराब होता है."

"झालीच होती," कौशल्या म्हणाली. "बात म्हणजे बात."

ती आत गेली. ब्लाऊजपीसचा उरलेला तुकडा तिनं दातांनी फाडला. बाहेर येऊन ती कारवरून, नवऱ्यावरून, चंदनवरून पुढं गेली, फाटकाबाहेर उभ्या असलेल्या भूपेंद्रच्या गाडीचं दार उघडलं आणि चावी काढून घेतली. लाल पट्टी तिनं गाडीच्या आरशाला बांधली, दोन गाठी मारून. चावी कमरेला खोचली.

"ये क्या है?" भूपेंद्र म्हणाला.

"शटडाऊन."

"किसका?"

"माहं. मी सोडीन तेव्हा सुटन. तोवर बस, भात टाकते. वांग्याची भाजी आहे. खाते ना?"

भूपेंद्रनं रामाजीकडे न्याय मागितल्यासारखं पाहिलं. रामाजीनं आरशावरची चिंधी नीट निरखली, गाठ तपासल्यासारखी, आणि मान हलवली.

"बराबर आहे," तो म्हणाला. "आता मलेही काही करता येत नाई."

चंदन हसत सुटला. मग करण्यासारखं काही नसल्यामुळे तो पुन्हा इंजिनावर वाकला, आणि थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "काकाजी, इडलीपात्रात एक दहा नंबरचा बोल्ट पडून आहे. तो कुठचा?"

रामाजी उठला. दोघांनी बोल्ट उन्हात धरून पाहिला. चंदन म्हणाला कव्हरचा असेल, रामाजी म्हणाला कव्हरचे सगळे बसले. चंदन म्हणाला मग आतला. रामाजी म्हणाला, आतला असूच शकत नाही, आणि कव्हरच्या कडेवरून बोट फिरवू लागला.

दीड वाजता कृष्णरावाचा फोन आला. तो डोंगरगडच्या फलाटावर होता, दुर्गकडे येणारी गाडी उशिरा होती, रिले खिशात होता. भूपेंद्रनं तिसऱ्यांदा भात घेतला होता. चक्कीवाल्यानं सोमवारी सकाळी माणूस पाठवतो असा निरोप दिला होता आणि त्याला कौशल्यानं अजून काही कळवलेलं नव्हतं. बोल्ट कुठला, हे तोपर्यंत कोणालाही कळलेलं नव्हतं.